मघा ते चित्रा, चोपन्न अंश

६ मार्च

प्रिय भाऊजी,

पत्र पाहून दचकू नका. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. काम असल्याशिवाय मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि काम आहे.

तुम्ही दोघे भाऊ ज्या नौका-प्रशिक्षण शाळेत शिकलात, तिथल्या प्राचार्यांचं पत्र आलं. शाळा जुन्या वस्तूंचं दालन उघडते आहे, तीस मेला उद्घाटन. त्यात त्यांना ह्यांचा सेक्स्टंट हवा आहे. मी खुशीने हो म्हणणार होते. ह्यांना जाऊन सात वर्षं झाली, आणि ती पेटी कपाटाच्या तळाशी ठेवून मी काही समुद्रावर निघालेली नाही. पण सोबत त्यांनी काचेखाली ठेवायच्या चिठ्ठीचा मसुदा पाठवला. जसाच्या तसा उतरवते: ‘या सेक्स्टंटने काढलेल्या चुकीच्या स्थानामुळे मालवाहू जहाज वाळूच्या पट्ट्यावर चढले. चौकशीत मुख्य अधिकाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला.’

निष्काळजीपणा. दाराची कडी तीनदा पाहिल्याशिवाय जो माणूस कधी झोपला नाही, त्याचा. अडतीस वर्षांपूर्वी त्या चौकशीने त्यांचा परवाना काढून घेतला. उरलेली नोकरी त्यांनी लाकडाच्या वखारीत कारकुनी करून काढली, ते पुरलं नाही म्हणून आता काचेखाली.

मी प्राचार्यांना फोन केला. म्हटलं, यंत्र सदोष होतं. ह्यांनी चौकशीत तेच सांगितलं, मलाही जन्मभर तेच सांगितलं. त्यावर ते गोड आवाजात म्हणाले, आजी, यंत्र चुकतं असं कागदावर दाखवलंत तर आम्ही चिठ्ठी बदलू. मी त्यांची आजी नाही. पण अट मला पटली.

एकतीस वर्षं मी वजनमापांची निरीक्षक होते. तराजू खोटा आहे असं नुसतं ओरडून चालत नाही, प्रमाणित वजन पारड्यात टाकून दाखवावं लागतं. सेक्स्टंट कोन मोजतो. मग कोनाचं प्रमाणित वजन कुठे मिळतं? तुम्ही कप्तान होऊन निवृत्त झालात, आणि त्या फेरीत तुम्ही त्याच जहाजावर तिसरे अधिकारी होतात. तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला?

तुमची,
वहिनी

१३ मार्च

ती. वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. तुमचा राग पाकिटाबाहेर येत होता.

मला विचाराल तर पेटी बंदच राहू द्या. प्राचार्यांना कळवा की वस्तू देत नाही. चिठ्ठीही नको आणि वादही नको. दादा स्वतः माझ्याशी त्या विषयावर कधी बोलत नसे. आपण तरी कशाला उकरायचं?

हे वाचून तुम्ही ऐकणार नाही हेही मला माहीत आहे. म्हणून सांगतो.

तुम्हाला हवं ते प्रमाणित वजन आकाशात आहे. तारे रात्रभर सरकत असतात, पण एकमेकांपासूनचं अंतर सोडत नाहीत. दोन ताऱ्यांमधला कोन पुस्तकात पक्का दिलेला असतो. तो सेक्स्टंटने मोजायचा आणि ताडून पाहायचा. एक तारा सरळ काचेतून पाहायचा, दुसरा आरशातून. दांडी सरकवत गेलं की आरशातला तारा आकाश ओलांडून येतो आणि पहिल्याला भिडतो. भिडला की आकडा वाचायचा. अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, आणि समुद्रावर एका मिनिटाची चूक म्हणजे एक मैल.

त्याआधी रोज यंत्र शून्यावर लावून एकच तारा पाहा. त्याचे दोन दिसले तर यंत्राला तेवढी उपजत चूक आहे. ती प्रत्येक मोजणीतून काढून टाकायची.

सोबत सहा जोड्यांची अंतरं लिहून पाठवतो. मघा ते चित्रा घ्या, चोपन्न अंश आणि वर तीन मिनिटं. दोन्ही ठळक तारे आहेत. उभ्याने मोजू नका, मान धरेल. खाटेवर पडून मोजा. आम्ही डेकवर दोरखंडाच्या गुंडाळीवर पाठ टेकून मोजत असू. जहाज हलायचं, आणि वाटायचं की आपण स्थिर आहोत आणि कोणीतरी आकाशच पाळण्यात घालून हलवतंय.

मुलगी, जावई ठीक. माझी खोली आता मागच्या बाजूला आहे, खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसते. झोपायला बरं पडतं.

तुमचा,
धाकटा दीर

२७ मार्च

प्रिय भाऊजी,

सहा मिनिटं.

पहिले दहा दिवस वाया गेले. यंत्र शून्यावर लावलं तर एका ताऱ्याचे दोन दिसत. तुम्ही त्याला उपजत चूक म्हणता, आमच्या खात्यात त्याला पासंग म्हणतात. रिकाम्या तराजूची पारडी सारखी नसली की हलक्या पारड्याला खडा बांधतात ना, तो. पासंग काढणं मला शिकवायला नको. पण तारे भिडवणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं, आणि सुईही हलते, दोराही हलतो. शेजारीण कठड्यावरून विचारून गेली की मी कोणावर नेम धरते आहे. म्हटलं, अजून ठरलं नाही.

मग जमलं. रोज संध्याकाळी बरोबर आठला गच्चीवर जाते. नोकरीतली सवय आहे, तपासणी एकाच वेळेला व्हायला हवी. खाटेवर पडते, यंत्र छातीशी धरते. पितळेला अजून ह्यांच्या हाताचा वास आहे, किंवा मला तसं वाटतं. चित्रा पूर्वेला छपरांच्या जेमतेम वर आलेली असते, धुरकट आणि थोडी थरथरणारी. मघा डोक्यावर. दांडी सरकवली की मघा जागची हलते आणि सावकाश, अगदी सावकाश, आकाश उतरू लागते. मध्ये किती तरी लहानसहान तारे लागतात, त्यांना ओलांडून ती खाली येते आणि चित्रेच्या अंगाला अंग लावून बसते. त्या क्षणी मी श्वास घेत नाही. दोघी एकाच काचेत, एवढ्याशा, आणि दोघींमधलं सारं आकाश माझ्या बोटांत.

दोन दिवसांपूर्वी आठ वेळा मोजलं. पासंग काढला, सरासरी घेतली. पुस्तकापेक्षा सहा मिनिटं कमी. यंत्र मापात मारतं.

आता आठवा, जहाज अडकलं ती जागा ह्यांच्या हिशेबापासून किती दूर निघाली होती? चौकशीच्या कागदात आहे, मी काढून पाहिलं. सहा मैल. आता बोलूच दे त्या प्राचार्याला.

खरं सांगते, आकडा पाहिल्यावर मी खाटेवर उठून बसले आणि ह्यांना मोठ्याने सांगितलं. शेजारीण पुन्हा कठड्याशी आली.

तुमची,
वहिनी

२ एप्रिल

ती. वहिनी,

अभिनंदन. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? प्राचार्यांना आजच लिहा. माझा दाखला हवा असेल तर निवृत्त कप्तान म्हणून मी सही करून देईन.

आता मोजणं थांबवा. रोज गार वाऱ्यात गच्चीवर पडून राहायचं तुमचं वय नाही, डोळ्यांनाही ताण. जे हवं होतं ते मिळालं. यंत्र पेटीत ठेवा आणि निवांत झोपा.

घाईत लिहितो आहे, टपाल निघतंय.

तुमचा,
धाकटा दीर

१४ एप्रिल

प्रिय भाऊजी,

माझ्या वयाची काळजी तुम्हाला नव्यानेच वाटू लागलेली दिसते.

प्राचार्यांना पत्र लिहून तयार आहे, पण टाकलेलं नाही. एका तपासणीवर मी कधी कोणा दुकानदाराचा तराजू जप्त केला नाही, मग ह्यांच्या यंत्राला वेगळा न्याय कसा लावू? शिवाय शाळेत आम्हाला गणिताला ज्या सिस्टर होत्या, त्यांचा एक छळ होता. उत्तर चुकलं तर त्या रागवायच्या नाहीत. उत्तर पाहून मुलगी फार खूश झाली, की वही परत करायच्या आणि म्हणायच्या, हवं तेच आलं का? मग पुन्हा कर. पन्नासच्या वर वर्षं झाली, त्या अजून माझ्या मागे उभ्या असतात.

तर मी पुन्हा केलं. तीन एप्रिलला कमतरता तीन मिनिटांच्या जरा वर. परवा, बारा तारखेला, दोन. तीच जोडी, तीच वेळ, तीच मी.

वाटलं, माझा डोळा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण अजून वर्षभर तुम्ही लोकांच्या चुका काढू शकाल.

मग काय समजायचं? माझ्या सबंध नोकरीत मी दंडाने सुधारलेले तराजू पाहिले, पोलिसाला पाहून सुधारलेले पाहिले. आपोआप, दर आठवड्याला थोडा थोडा सुधारत जाणारा तराजू पाहिला नाही. कधी कधी खाटेवर पडल्या पडल्या वाटतं की यंत्राला पश्चात्ताप होतोय. इतकी वर्षं अंधारात होतं, आता माझ्या हातात हळूहळू खरं बोलायला लागलंय. मग स्वतःचंच हसू येतं आणि पुन्हा मोजायला घेते. चित्रा आता छपरांच्या बरीच वर असते. पूर्वीसारखी थरथरत नाही.

यंत्र असं का वागतंय? तुम्ही इतकी वर्षं हेच केलंत. नीट विचार करून लिहा, टपाल निघालं तरी चालेल.

तुमची,
वहिनी

४ मे

भाऊजी,

वीस दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. मुलीला फोन केला तर म्हणाली, बाबा बरे आहेत, भिंतीकडे बघत बसतात.

मी शोधून काढलं. अवघड नव्हतं, शाळेतल्या पुस्तकात होतं आणि मी विसरले होते. पाण्यातली काठी वाकडी दिसते तसा हवेतून येणारा प्रकाश वाकतो. तारा क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश जाड हवेतून येतो आणि तारा आहे त्याहून वर उचललेला दिसतो. मार्चमध्ये आठ वाजता चित्रा अगदी खाली होती. हवेने तिला मघेकडे उचलून धरलं होतं, म्हणून अंतर कमी भरत होतं. आता त्याच वेळेला ती उंचावर असते, म्हणून जवळजवळ पूर्ण भरतं. यंत्र सुधारलं नाही. यंत्र पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होतं. खोटं होतं ते मी पारड्यात टाकलेलं वजन.

ह्यांच्या जुन्या कोष्टकांच्या पुस्तकात शेवटच्या पानांवर हवेची दुरुस्ती दिलेली आहे. ती लावून सगळ्या संध्याकाळी पुन्हा मांडल्या. फरक एका मिनिटाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. तुम्ही दिलेल्या इतर जोड्यांपैकी चार मोजल्या, लहान कोन, मोठे कोन. तेच. इतकं प्रामाणिक माप माझ्या हाताखालून कधी गेलं नाही.

ते कोष्टक प्रत्येक खलाशाला पाठ असतं. तुम्ही मला अंतरांची यादी पाठवलीत, खाटेवर पडायला सांगितलंत, पासंग काढायला सांगितलंत, आणि एवढी एक गोष्ट सांगितली नाहीत. मी सहा मिनिटं लिहिल्यावर तुम्ही अभिनंदन केलंत आणि सही करायला निघालात.

दुसरंही आठवलं. हे दर महिन्याला पेटी उघडून आरसे पुसत, दांडीला तेल देत. दगा दिलेल्या यंत्राची कोणी अशी निगा राखतं का? हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मी तर तपासणीस होते.

यंत्र चुकलं नाही, तर कोण चुकलं? ह्यांचा हात चुकला असेल तर तसं सांगा. मी ऐकून घेईन.

वहिनी

१० मे

ती. वहिनी,

दादाचा हात चुकला नाही. त्या संध्याकाळी सेक्स्टंट दादाच्या हातात नव्हताच.

संध्याकाळचे तारे मुख्य अधिकाऱ्याने घ्यायचे असतात. दादाला तीन दिवस ताप होता. मला दोन महिन्यांनी वरच्या परवान्याची परीक्षा होती. दादाने यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आज तू घे, मी कागदावर मांडतो. ढग होते. ढगांच्या फटीतून पश्चिमेचे दोनच तारे मिळाले. आकाश जांभळं झालेलं, पाणी तेलासारखं शांत. मी इतका खुशीत होतो की काय सांगू.

तुमच्या शब्दात सांगतो. त्या दिवशी यंत्राचा पासंग तीन मिनिटं होता. तो वजा करायचा. मी मिळवला. तीनाचे सहा झाले. तपासायला तिसरा तारा नव्हता. दादाने माझे आकडे घेतले, स्थान काढलं, आणि नोंदवहीत सही केली.

पहाटे जहाज थांबलं तेव्हा आवाजही झाला नाही. एखादं मोठं जनावर गवतात बसावं तसं ते वाळूत बसलं. कोणाला खरचटलंही नाही. मी नकाशाच्या खोलीत गेलो तर दादा माझ्या आकड्यांचा कागद हातात धरून उभा होता. चूक त्याला सापडली होती. मी म्हटलं, मी सांगतो कप्तानांना. त्याने कागद फाडून खिशात घातला. म्हणाला, “यंत्राला तोंड नाही, त्याच्यावर ढकलता येतं. तुला आहे, ते बंद ठेव.”

यंत्रावर काही ढकललं गेलं नाही. सगळं दादावर आलं.

मी परीक्षा पास झालो, कप्तान झालो. प्रत्येक सुट्टीत तुम्ही मला जेवायला बोलवायचात. दादा वखारीतून भुसा झटकत यायचा आणि मला आग्रह करकरून वाढायचा. मी जेवायचो.

तुमचं सहा मिनिटांचं पत्र आलं तेव्हा वाटलं, देवाने दार उघडलं. दादाही सुटला, मीही सुटलो, आणि यंत्राला कुठे काय वाटणार होतं? तुम्ही पुन्हा मोजाल हे लक्षात यायला हवं होतं.

सोबत प्राचार्यांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात सगळं आहे, माझ्या सहीने. पाकीट उघडं ठेवलंय. टाकायचं की फाडायचं ते तुम्ही ठरवा. दादाने मला गप्प बस म्हटलं होतं, त्यामुळे मला ठरवता येत नाही. हासुद्धा भित्रेपणाच असेल.

धाकटा

२ जून

प्रिय भाऊजी,

तुमच्या पत्रातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली, पाकीट डिंक लावून बंद केलं आणि टाकलं. तुम्हाला कळवायला उशीर केला तो मुद्दाम. थोडं ताटकळायला हवं होतं तुम्ही.

तीन दिवस मात्र ते पत्र टेबलावर पडून होतं. ह्यांनी तुम्हाला दिलेलं मी कोण परत घेणारी, असं वाटत होतं. त्या तिन्ही संध्याकाळी मी यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी हिशेब लागला. ह्यांनी तुमची नोकरी वाचवली. ती तुम्ही इमानाने पूर्ण केलीत, निवृत्त झालात. त्यांचं देणं तिथे पूर्ण पोचलं, त्यातलं काही कोणी काढून घेत नाही. पण त्यांनी नावही देऊन टाकलं, आणि ते नाव माझंही होतं. बाजारात तपासणीला गेले की दुकानदार मागून म्हणायचे, हिच्या नवऱ्याने जहाज बुडवलं आणि ही आमचे तराजू बघते. ते मी निवृत्त होईपर्यंत ऐकलं. देण्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं.

तुमच्यावर चिडले आहे. ह्यांच्यावर जास्त. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी, दोघांनी मिळून खोटं माप वापरलंत, आणि निरीक्षक तुम्हाला वाढत होती. ते गेले म्हणून सुटले. तुम्ही आहात, तुम्हाला मी अधूनमधून ऐकवणार आहे.

प्राचार्य स्वतः घरी आले. या खेपेला आजी म्हणाले नाहीत. चिठ्ठी नवी झाली: ‘हा सेक्स्टंट अचूक आहे. यावर घेतलेल्या एका मापनात कनिष्ठ अधिकाऱ्याकडून चूक झाली. तिची जबाबदारी मुख्य अधिकाऱ्याने स्वतःवर घेतली.’ नावं घातलेली नाहीत, मी नको म्हटलं. खाली माझ्या तपासणीचा तक्ता लावला आहे, सही आणि हुद्द्यासकट. उद्घाटनाला मुलं पेटीपेक्षा तो तक्ताच जास्त वाचत होती. एका मुलीने विचारलं, खाटेवर पडून खरंच जमतं का. म्हटलं, खाटेवरच जमतं.

यंत्र देऊन आले आणि सवयीने आठला गच्चीवर गेले. हात रिकामे. मघा पश्चिमेकडे कलली होती, चित्रा वर आली होती. दोघींच्या मधे सबंध आकाश पसरलेलं. मोजायचं काही नव्हतं, म्हणून नुसती पडून राहिले. खूप वेळाने वाटलं की मी स्थिर आहे आणि आकाशच हलतंय, अगदी हळू, पाळण्यात घातल्यासारखं. तुम्ही लिहिलं होतंत त्यातलं तेवढं तरी खरं निघालं.

त्या भिंतीकडे बघत बसणं पुरे झालं. पावसाळ्याआधी चार दिवस इकडे या. पोटमाळ्यावरून दुसरी खाट काढून घेतली आहे, नवी पट्टी भरायला दिली आहे. गच्चीच्या जिन्याची वरून तिसरी पायरी निखळली आहे, अंधारात तेवढी सांभाळून चढा.

तुमची,
वहिनी